येत्या शनिवारी गाणे आहे

माझा एक भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, वॉशिंग्टनलगतच्या व्हर्जिनिया राज्यात राहतो. जुन्या कागदपत्रांची माझी आवड त्याला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने मला एक यादी पाठविली आणि सोबत लिहिले, "मामा, तुम्ही नेहमी जुनी दप्तरे चाळता. हे एक नवे दप्तर वाचून पाहा." ती यादी त्याच्या परिसरात पुढील दोन महिन्यांत होणाऱ्या 'ब्लूग्रास' नावाच्या संगीताच्या मैफलींची होती. एक मैफल चर्चच्या सभागृहात, दुसरी अग्निशामक दलाच्या इमारतीत, तिसरी एका शेतावर. तारीख, वार, वेळ आणि प्रवेशशुल्क दिलेले. शेवटी दोन सूचना होत्या: बसायला खुर्ची घरूनच आणावी आणि ज्यांना वाजवता येते त्यांनी आपले वाद्यही आणावे.

इतिहासाच्या अभ्यासकाचा संबंध एरवी होऊन गेलेल्या गोष्टींच्या नोंदींशी येतो. सनदा, हजेरीपट, जमाखर्च, तहनामे ही सारी भूतकाळाची कागदपत्रे होत. येणाऱ्या मैफलींची यादी मात्र भविष्यकाळात लिहिलेली असते. अमुक दिवशी आम्ही एकत्र जमणार आहोत, असे काही माणसांनी एकमेकांना दिलेले ते वचन असते. एखादा समाज जिवंत आहे की नाही हे ठरविण्यास असे वचन हा उत्तम पुरावा होय, असे मला वाटते. या भाषणात मी त्याच पुराव्याचा थोडा विचार करणार आहे.

प्रथम ब्लूग्रासविषयी सांगतो. हे संगीत ऐकणाऱ्यास ते फार जुने, डोंगरदऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असावे असे वाटते. त्यातील सूर जुने आहेत, यात शंका नाही. परंतु त्याची घडण अलीकडची आहे आणि ती खेड्यात झालेली नाही. या संगीताचा जनक मानला गेलेला बिल मन्रो १९११ साली केंटकी राज्यातील रोझीन या लहानशा गावी जन्मला. पोटासाठी तो भावांच्या मागोमाग उत्तरेकडे, शिकागोजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गेला आणि तेथील तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात पिंपे धुण्याचे काम करू लागला. पुढे त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. केंटकीला तेथील निळसर गवतामुळे 'ब्लूग्रास राज्य' म्हणतात. तेच नाव त्याने आपल्या वृंदाला दिले. सोडून आलेल्या गावाची आठवण म्हणून ठेवलेले हे नाव पुढे, १९५० नंतरच्या दशकात, एका संपूर्ण संगीतप्रकाराचे नाव होऊन बसले.

मन्रोला कीर्ती मिळवून दिली ती नभोवाणीने. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील केंद्रावरून दर शनिवारी रात्री 'ग्रँड ओल ऑप्री' नावाचा कार्यक्रम १९२५ पासून प्रक्षेपित होत असे. त्यात १९३९ साली मन्रोचा प्रवेश झाला. गावे सोडून शिकागो, डेट्रॉइट, सिनसिनाटी, बाल्टिमोर अशा शहरांत गेलेली डोंगराळ मुलखातील माणसे शनिवारची वाट पाहू लागली. आठवडाभर यंत्राशी झगडावे आणि शनिवारी रात्री आपल्या बोलीतील, आपल्या सुरातील गाणे ऐकावे, असा त्यांचा क्रम झाला.

मन्रोच्या वृंदात १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्स हा बँजोवादक आला. तोही कारखान्यातूनच आला होता; युद्धकाळात त्याने उत्तर कॅरोलायनातील सूतगिरणीत काम केले होते. अंगठा आणि दोन बोटे यांनी त्याने बँजोतून सुरांची अशी अखंड सर काढली, की तिच्यावाचून ब्लूग्रासची कल्पनाच पुढे कोणास करता येईना. या संगीतातील द्रुत लय ऐकताना मला कधी कधी वाटते, की गिरणीच्या चात्यांची गती तीत उतरली असावी. अर्थात ही माझी कल्पना आहे, पुरावा नव्हे.

बँजो हे वाद्य मूळचे गोऱ्या लोकांचे नव्हे, हेही येथे सांगावयास हवे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून, त्याला तारा लावून केलेल्या वाद्यापासून ते उत्पन्न झाले. स्वतः मन्रो तरुणपणी आर्नल्ड शुल्ट्झ नावाच्या कृष्णवर्णीय वादकाच्या साथीला बसे आणि त्याचे ऋण तो उघडपणे मानी. परंतु संगीताचा बाजार वाढला, तशी ही वंशावळ मागे पडली. ब्लूग्रास म्हणजे गोऱ्या डोंगरी लोकांचे गाणे, अशी समजूत रूढ झाली. येणाऱ्या मैफलींच्या यादीत कोणाची नावे आहेत हे जितके महत्त्वाचे, तितकेच कोणाची गळली आहेत हेही महत्त्वाचे ठरते.

आता मी जेथे राहतो तेथील गोष्ट. माझे कार्यालय दिल्लीत आणि बिऱ्हाड गुरुग्रामात. हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. १८०३ सालच्या डिसेंबरात आजच्या अमरावती जिल्ह्यातील सुर्जी-अंजनगाव येथे दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला आणि दिल्लीच्या आसपासचा जो प्रदेश सोडून दिला, त्यात हे गुडगाव होते. पुढे ते पंजाबात गेले आणि १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा राज्य झाले तेव्हा त्यात आले. १९८३ च्या डिसेंबरात येथील कारखान्यातून पहिली मारुती मोटार बाहेर पडली आणि गावाचे दैव पालटले. मेवातचा भाग वगळता जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ८ लाख ७० हजार होती. ती २०११ साली १५ लाख १४ हजारांवर गेली. २०१६ साली शहराचे नाव गुरुग्राम झाले. जेथे निम्म्याहून अधिक माणसे दहा-वीस वर्षांत बाहेरून आलेली, तेथे शहराचे म्हणून गाणे कोणते असणार, असा प्रश्न मला बरीच वर्षे पडत असे. भाच्याची यादी वाचल्यावर तो अधिकच टोचू लागला.

उत्तर मिळाले ते आमच्या वसाहतीच्या फाटकावर. तेथील पहारेकरी झज्जरकडील एका खेड्यातला आहे. मी सहज विचारले, "तुमच्याकडे गाणेबिणे होते का?" तो म्हणाला, "साहेब, येत्या शनिवारी रागिणी आहे. पलीकडच्या गावात. चला." ज्याला तो पलीकडचे गाव म्हणत होता, ते माझ्या खिडकीतून दिसते; पण उंच इमारतींच्या मध्ये उरलेली ती दाट वस्ती म्हणजे एक गाव आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. सुखराली, झाडसा, वझिराबाद, चक्करपूर ही नावे मी बसथांब्यांची नावे म्हणून जाणत होतो. ती गावे आहेत, त्यांना चौपाल आहेत आणि जुनी घराणी आहेत, हे मला त्या शनिवारी कळले. यादी माझ्या दारातच होती. ती छापलेली नव्हती, इतकेच.

रागिणी हे हरियाणातील सांग या लोकनाट्यातील गेय पद होय. सांगाची तुलना आपल्या तमाशाशी सहज करता येईल. उघड्यावर मांडलेला तख्त, पडदा नाही, चहूबाजूंनी प्रेक्षक, मधोमध वादक बसलेले आणि त्यांच्याभोवती फिरत पात्रे गात आहेत, असे त्याचे स्वरूप असे. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. सारंगी, ढोलक, नगारा आणि पुढे हार्मोनियम अशी साथ असे. या परंपरेतील सर्वांत मोठे नाव सोनीपतकडील जांटी गावच्या पंडित लखमीचंद यांचे. १९०३ ते १९४५ एवढेच त्यांचे आयुष्य. परंतु नल-दमयंती, हरिश्चंद्र, सत्यवान-सावित्री, मीराबाई अशा कथांवर त्यांनी रचलेल्या सांगांतील पदे आजही खेडुतांच्या तोंडी आहेत. त्यांच्या जीवनावर निघालेल्या 'दादा लखमी' या चित्रपटाला हरियाणवी भाषेतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सांगाची आणखी एक रीत मला विशेष वाटली. गावोगाव सांग लावून जमलेल्या पैशातून विहीर, चौपाल, धर्मशाळा, गोशाळा अशी सार्वजनिक कामे उभी राहत. गाण्याने गाव जमे आणि जमलेल्या गावाचा काही कायमचा लाभ होई.

मी त्या शनिवारी गेलो. एका मोकळ्या जागेत मंडप घातला होता. पूर्ण सांग आता क्वचित होतो. त्यातील पदे सुटी करून दोन पक्षांत स्पर्धा लावण्याची प्रथा अधिक आहे. ढोलक होती, हार्मोनियम होते, एक जण घड्यावर रबरी पट्टी मारून विलक्षण ठेका धरीत होता. आणि एका तरुणाच्या मांडीवर एक लांबट पेटी होती. तिच्यावर टंकलेखन यंत्रासारख्या कळा. डाव्या हाताने त्या कळा दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. मी पहारेकऱ्याला वाद्याचे नाव विचारले. तो म्हणाला, "बेंजो."

हे नाव ऐकून मी क्षणभर थक्क झालो. कारण हेच वाद्य, याच नावाने, मी मुंबईत आणि कोकणात ऐकले होते. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा-ढोलांच्या गदारोळावर चढून ज्याचा सूर ऐकू येतो, ते बेंजो पार्टीचे वाद्य हेच. पोथीत त्याला बुलबुलतरंग म्हणतात. त्याचा आणि अमेरिकेतील बँजोचा बांधणीच्या दृष्टीने काही संबंध नाही. हे वाद्य मूळ जपानचे. तैशो नावाच्या बादशाही कालखंडाच्या आरंभी, १९१२ साली, नागोया येथील गोरो मोरिता याने तारवाद्याला टंकलेखन यंत्राच्या कळा जोडून ते सिद्ध केले. तेथे त्याचे नाव तैशोगोतो. व्यापाराच्या वाटेने ते हिंदुस्थानच्या बंदरांत उतरले. बलुचिस्तानात ते बेंजू झाले, आपल्याकडे बेंजो. म्हणजे नाव आफ्रिकी माणसांबरोबर अमेरिकेत घडलेले, वस्तू जपानची, आणि सूर लखमीचंदांच्या रागिणीचा अथवा कोकणच्या आरतीचा. वाद्यांना गोत्र असते, पण सोवळे नसते.

मुंबईच्या बेंजोमागील इतिहासही स्थलांतराचाच आहे. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि पुढील शंभर वर्षांत कोकणातून, घाटावरून लाखो माणसे गिरणगावात आली. त्यांनी खोल्यांत दाटीवाटीने राहून गावाच्या नावाची मंडळे काढली. भजने, नमन, दशावतार, तमाशा ही गावची करमणूक लालबाग-परळच्या चाळींत नव्याने उभी राहिली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचे 'लाल बावटा कलापथक' याच वस्तीच्या आधारावर निघाले. बेंजो पार्टीही तेथे पोसली गेली, कारण मिरवणुकीत चालता चालता वाजवता येणारे, स्वस्त आणि शिकायला सोपे असे वाद्य हवे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या मोडल्या, चाळी पडल्या, माणसे विरार-डोंबिवलीकडे पांगली. परंतु गणपतीच्या दिवसांत बेंजो अजून वाजतो. गिरणी गेली तरी तारीख गेली नाही.

मला वाटते, या साऱ्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपण ज्याला परंपरा म्हणतो, ती एका जागी रुतून बसलेल्या माणसांनी टिकविलेली असतेच असे नाही. बहुधा ती घर सोडलेल्या माणसांनी घडविलेली असते. घर सोडल्यावरच घरच्या गाण्याची किंमत कळते आणि ते ऐकण्यासाठी एखादा वार ठरवावा लागतो.

आपल्या शास्त्रीय संगीताचीही कथा याहून निराळी नाही. माझे बालपण मिरजेत गेले. तेथील दर्ग्याच्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात. उरूस जवळ आला, की घरात कोणीतरी म्हणे, "यंदा गाणे कोणाचे आहे?" त्या गाण्याला मी मिरजेचे गाणे समजत असे. दिल्लीला आल्यावर एकदा नकाशा पाहताना कैराना हे गाव दिसले. दिल्लीच्या उत्तरेस, यमुनेजवळ, सुमारे शंभर किलोमीटरवर. खाँसाहेब तेथले. १८७२ साली तेथे जन्मलेला हा गवई दक्षिणेत आला, मिरजेत राहिला, पुण्यात त्याने आर्य संगीत विद्यालय काढले. त्याचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. १९५२ साली सवाई गंधर्व वारले आणि १९५३ पासून त्यांच्या नावाने पुण्यात जो उत्सव सुरू झाला, त्याच्या तारखा घरोघरच्या दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवल्या जाऊ लागल्या. यमुनाकाठचे किराणा घराणे मराठी माणसाने आपले मानले, ते त्या तारखा पाळून. आणि आज माझ्यासारखा मिरजेचा माणूस त्याच यमुनेच्या मुलखात बिऱ्हाड करून राहिला आहे, हा फेरा मला मोठा मौजेचा वाटतो.

परंतु केवळ मौज वाटून भागणार नाही. गुरुग्रामच्या दक्षिणेस मेवातचा प्रदेश आहे. २००५ पर्यंत त्याचा बराचसा भाग याच जिल्ह्यात मोडत असे. आज तो नूह जिल्हा. तेथील मुसलमान जोगी 'पांडून का कडा' नावाने पांडवांची कथा गातात. १९४७ साली हजारो मेव देश सोडून जाण्याच्या बेतात होते. त्या वर्षी १९ डिसेंबर रोजी महात्मा गांधी घासेडा गावी गेले आणि त्यांनी तेथील लोकांना येथेच राहण्याची विनवणी केली. पुष्कळ जण राहिले. ते गेले असते तर मेवाती बोलीतील महाभारत गाणाराही त्यांच्याबरोबर गेला असता आणि ऐकणाराही. गाण्याची तारीख ठरविण्यासाठी आधी माणसे एका जागी सुखाने राहावी लागतात, हा इतिहासाचा धडा साधा आहे; म्हणूनच तो विसरला जातो.

त्या शनिवारच्या रात्रीविषयी दोन खटकलेल्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. मंडपात स्त्रिया जवळजवळ नव्हत्या. काही जणी शेजारच्या गच्चीवरून पाहत होत्या. रागिणीत दमयंती आहे, सावित्री आहे, मीरा आहे. पण ऐकणाऱ्यांत त्यांची जागा गच्चीवर. दुसरी गोष्ट जागेची. ज्या जागेत मंडप होता तिच्याविषयी एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "येथे पुढच्या वर्षी मोटारी उभ्या राहतील. मग रागिणी कोठे करायची, ते ठरायचे आहे." या गावांच्या जमिनी विकल्या गेल्या, त्यांचे पैसेही पुष्कळांना मिळाले. पैशाने घरे उंच झाली. मात्र चार-पाचशे माणसे एकत्र बसून पहाटेपर्यंत गाणे ऐकतील, एवढी मोकळी जागा त्या घरांनी ठेवली नाही. शासकीय सेवेतील माणूस म्हणून मला हे ठाऊक आहे, की नगराच्या आराखड्यात रस्ता, बाजार, वाहनतळ यांना रंग ठरलेले असतात. गाण्यासाठी जमणाऱ्या गावाचा रंग मात्र त्या नकाशात मला आढळला नाही.

भाच्याला मी हे सारे लिहून कळविले. त्याचे उत्तर आले. त्याच्या परिसरात १९७१ साली 'सेल्डम सीन' नावाचा एक प्रसिद्ध ब्लूग्रास वृंद निघाला. त्यातील एक जण शल्यवैद्य होता, एक गणितज्ञ, एक नकाशे काढणारा. दिवसा नोकरी आणि आठवड्यातून एक रात्र गाणे, एवढाच त्यांचा नेम. आम्ही क्वचितच दिसू, म्हणून त्यांनी नावही तसेच घेतले. भाच्याने शेवटी लिहिले होते, "मामा, नोकरी करणाऱ्यांनी गाणे राखले, हे तुम्हाला आवडेल."

मला ते आवडले. दुसऱ्याच दिवशी आमच्या वसाहतीच्या सभेत मी एक ठराव मांडला. वसाहतीचे मोकळे पटांगण वर्षातून एक शनिवार पलीकडच्या गावाच्या रागिणीसाठी द्यावे, आणि त्या रात्री दोन्ही बाजूंच्या स्त्रियांना बसण्याची व्यवस्था मंडपात, पुढे असावी. ठरावावर बरीच चर्चा झाली. आवाजाचे काय, सुरक्षेचे काय, वाहने कोठे लावायची, असे प्रश्न आले. ठराव अद्याप मंजूर झालेला नाही, पण फेटाळलाही गेलेला नाही. पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तो आहे. फाटकावर मी पहारेकऱ्याला तसे सांगितले. तो हसून म्हणाला, "साहेब, तारीख तेवढी आधी कळवा. बेंजोवाल्याला लग्नसराईत सवड नसते."